गादी नाही, फौज नाही. मग राजा कसा?

प्रश्न : मी खामगाव तालुक्यातला शेतकरी. आमच्याकडच्या अलायन्स चर्चच्या चिन्हात क्रुसासोबत मुकुट असतो. माझा शाळेपासूनचा मित्र ख्रिस्ती आहे. त्याला विचारलं तर म्हणतो, 'येशू आमचा राजा.' मला हे उमगत नाही. येशूला गादी मिळाली नाही, फौज नव्हती, एक किल्लाही त्याच्या नावावर नाही. शेवटी गुन्हेगाराच्या मौतीने गेला. संत म्हणा, गुरू म्हणा, पटेल. पण राजा कशाच्या जोरावर?

उत्तर : आधी त्या चिन्हाचं सांगतो. ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स ही संस्था 1887 साली अमेरिकेत उभी राहिली आणि एकोणिसावं शतक संपायच्या आत वऱ्हाडात पोचली. तिचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन यांनी येशूविषयीची आपली शिकवण चार पदांत बसवली होती : तारणारा, पवित्र करणारा, बरं करणारा आणि येणारा राजा. चिन्हात पहिल्यासाठी क्रूस, दुसऱ्यासाठी धुण्याचं पात्र, तिसऱ्यासाठी तेलाचा कुंभ आणि चौथ्यासाठी मुकुट. तेव्हा तो मुकुट शोभेचा नाही, शिकवणीचा चौथा भाग आहे. आणि ही गोष्ट एकट्या अलायन्सची नाही. पहिल्या महायुद्धात रशिया, जर्मनी, ऑस्ट्रियाची सिंहासनं कोसळली. त्यानंतर 1925 साली पोप अकरावे पायस यांनी ख्रिस्तराजाचा सण जाहीर केला. कॅथलिक मंडळी तो आज उपासना-वर्षाच्या शेवटच्या रविवारी पाळतात.

राहिला गादीचा मुद्दा. बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाला खरं तर हे कोडं पडू नये. शेगावच्या जयघोषात गजानन महाराजांना 'महाराजाधिराज' म्हणताना त्यांचा महाल कुठे होता, असं कोणी विचारत नाही. ज्याच्यापुढे मन आपण होऊन वाकतं त्याला आपण राजा म्हणतो.

ख्रिस्ती दावा मात्र एवढ्यावर थांबत नाही. संताला भक्तांनी दिलेली ती प्रेमाची पदवी असते. येशूला राजा म्हणणाऱ्यांचं म्हणणं असं, की हे पद शेकडो वर्षं आधी ठरलेलं होतं, त्याला वंश होता, वचन होतं, आणि येशूने ते स्वीकारलं. फक्त राजा म्हणजे काय, याची व्याख्याच त्याने फिरवून टाकली. म्हणून हे पद मुळात आलं कुठून, ते पाहावं लागतं.

प्रश्न : मग ज्यू लोक ज्या मशीहाची वाट पाहत होते, तो कोण? बायबलात राजा ही चांगली गोष्ट मानली आहे का?

उत्तर : सुरुवातीला तरी नाही. इस्राएलात आधी राजाच नव्हता. वाद मिटवायला न्यायाधीश, संकटात लढायला एखादा पुढारी, आणि वर देव. शमुवेल संदेष्टा म्हातारा झाला, त्याची मुलं लाच खायला लागली, तेव्हा वडीलधारी मंडळी त्याच्याकडे आली आणि म्हणाली, बाकीच्या राष्ट्रांसारखा आम्हालाही राजा दे. शमुवेलाचं पहिलं पुस्तक, अध्याय 8. शमुवेलाने त्यांना राजा आला की काय होतं याची यादीच ऐकवली. तो तुमची पोरं रथांपुढे धावायला घेईल. मुली स्वयंपाकाला आणि अत्तरं करायला घेईल. चांगली शेतं, द्राक्षमळे, जैतुनांची झाडं घेऊन आपल्या कामदारांना देईल. धान्याचा दहावा हिस्सा घेईल, गडी घेईल, गाढवं घेईल. शेवटी तुम्ही स्वतःच त्याचे गुलाम व्हाल. साऱ्या भाषणात राजाचं काम एकच, घेणं. ज्याच्या आज्या-पणज्याने देशमुखी वसुली पाहिली आहे, त्याला ही यादी समजावून सांगावी लागत नाही.

लोकांनी ऐकलं नाही. शौल राजा झाला, मग दावीद. दावीद बेथलेहेमच्या इशायाच्या आठ मुलांत धाकटा. शमुवेल घरी आला तेव्हा तो मेंढरांमागे रानात होता आणि त्याला बोलावणंही कोणाला सुचलं नव्हतं. त्याच्या डोक्यावर शमुवेलाने तेल ओतलं. मशीहा म्हणजे असा तेलाने अभिषेक झालेला. पुढे नाथान संदेष्ट्याने दावीदाला वचन कळवलं, की तुझी गादी कायम राहील.

प्रत्यक्षात शमुवेलाची यादीच खरी ठरत गेली. शलमोनाने वेठबिगारीवर इमारती उठवल्या. त्याच्या मुलाकडे, रहबामाकडे लोक ओझं हलकं करा म्हणत गेले, तर त्याने बापापेक्षा जास्त कठोर होईन असं उत्तर दिलं; राज्य दुभंगलं. इसवीसनापूर्वी 586च्या सुमारास बाबेलच्या फौजेने यरुशलेम जाळलं आणि दावीदाची गादी संपली. वचन मात्र लोकांनी टाकलं नाही. यशया, यिर्मया, मीखा, जखऱ्या यांच्या लिखाणात येणाऱ्या राजाचं चित्र रंगत गेलं. 72व्या स्तोत्रात चांगल्या राजाची कसोटीच दिली आहे : गरिबाचा न्याय करणारा, हाक मारणाऱ्या निराधाराला सोडवणारा, कापलेल्या गवतावर पाऊस यावा तसा येणारा.

यात एक गोष्ट वऱ्हाडच्या वाचकाने मुद्दाम पाहावी. दावीदाची पणजी रूथ. ती मवाब देशची, म्हणजे परकी, त्यातून विधवा. सासू नामीबरोबर ती बेथलेहेमला आली ती रिकाम्या हाताने, जवाच्या कापणीच्या दिवसांत. पोटासाठी ती शेतात गेली कशाला, तर सरवा वेचायला. कापणी करणाऱ्यांच्या मागे मागे चालायचं, खाली पडलेली कणसं उचलायची, दिवसभर वाकून संध्याकाळी झोडायची. शेताचा धनी बवाज याने गड्यांना सांगितलं, तिला अडवू नका, पेंढ्यांतून मुद्दाम थोडं पाडत चला. हा नुसता दयाळूपणा नव्हता. शेताचे कोपरे कापू नका, सरवा वेचून घेऊ नका, तो गरिबाचा आणि उपऱ्याचा, असा मोशेचा नियमच होता. त्या बवाजाशी रूथचं लग्न झालं, ओबेद झाला, ओबेदाचा इशाय, इशायाचा दावीद. येशूचं चरित्र लिहिणाऱ्या मत्तयाने त्याची वंशावळ दिली आहे, तीत रूथचं नाव वगळलेलं नाही. राजवंशाच्या मुळाशी सरवा वेचणारी बाई आहे, हे त्या राजाविषयी पुष्कळ सांगून जातं.

प्रश्न : येशूने स्वतः 'मी राजा' म्हटलं, की नंतरच्या लोकांनी ते चिकटवलं?

उत्तर : शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चरित्रं, नीट वाचली तर दिसतं, की हे पद घ्यायला तो घाई करत नाही आणि नाकारतही नाही. काळ समजून घ्या. ज्यूंच्या देशात राजे होते ते रोमच्या मेहेरबानीवरचे. हेरोदाला राजा केलं रोमच्या सिनेटने. पुढे यहूदियावर सरळ रोमचा सुभेदार बसला. आपल्या वऱ्हाडात 1853 पासून जे चाललं त्याचाच हा जुना नमुना : मुलूख नावाला निजामाचा, हुकूम इंग्रजांचा. 1902 साली वर्षाला 25 लाख रुपये ठरवून कायमचा पट्टा झाला, तरी 1936च्या करारानंतर निजामाच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' ही पदवी होतीच. अशा मुलखात खरा राजा कोण, हा प्रश्न लोकांच्या ओठावर असतो आणि तो मोठ्याने विचारला तर तुरुंग ठरलेला असतो.

येशूने पाच भाकरी आणि दोन मासे यांवर हजारोंना जेवू घातलं, तेव्हा लोक त्याला उचलून राजा करायला निघाले. तो एकटाच डोंगरावर निघून गेला. त्याचा शिष्य पेत्र याने त्याला मशीहा म्हटलं, तर कोणाला सांगू नका, अशी ताकीद दिली आणि मला दुःख भोगून मरावं लागेल, हे त्यापुढे जोडलं. जब्दीचे मुलगे याकोब आणि योहान तर आधीच खुर्च्या राखून ठेवायला आले : तुझं राज्य आलं की एकाला उजवीकडे बसव, एकाला डावीकडे. बाकीचे दहा शिष्य त्यांच्यावर चिडले. त्यांचाही डोळा त्याच खुर्च्यांवर असावा. तेव्हा येशूने जे सांगितलं त्यात त्याचं सगळं राजेपण आलं. परराष्ट्रांचे अधिपती प्रजेवर हुकमत गाजवतात, तुमच्यात तसं नको. ज्याला मोठं व्हायचं त्याने सेवक व्हावं. मी सेवा करून घ्यायला आलो नाही, जीव द्यायला आलो आहे. मार्क, अध्याय 10. शमुवेलाच्या यादीतला राजा घेतो, हा देतो. माझ्या मते दोन पुस्तकांतला हा फरक ध्यानात आला, की मशीहाचं राजेपण निम्मं समजलं.

यरुशलेमात तो शिरला तो गाढवावर बसून. जखऱ्याने लिहून ठेवलं होतं, की राजा नम्रपणे गाढवावरून येईल आणि रथ, घोडे, युद्धाचं धनुष्य मोडीत काढील. लोकांनी वाटेवर कपडे अंथरले, डहाळ्या पसरल्या. झावळ्यांचा रविवार त्याच दिवसाची आठवण. त्याच आठवड्यात, शेवटच्या जेवणाच्या वेळी त्याने अंगरखा काढून ठेवला, कमरेला रुमाल बांधला, गंगाळात पाणी ओतलं आणि एकेका शिष्याचे पाय धुऊन पुसले. पेत्र ओरडला, माझे पाय तू धुवायचे नाहीस. धन्याने गड्याचे पाय धुवावेत, हे आजही गावात कोणाच्या पचनी पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी रोमन सुभेदार पिलातासमोर सरळ प्रश्न आला, तू राजा आहेस का? त्याचं म्हणणं थोडक्यात असं : माझं राज्य या जगातलं नाही, असतं तर माझे लोक लढले असते, मी सत्याची साक्ष द्यायला आलो आहे. शिपायांनी त्याला जांभळं वस्त्र घातलं, काट्यांचा मुकुट डोक्यात रुतवला आणि गुडघे टेकून मुजरे केले. येशूच्या डोक्यावर मुकुट आला तो एवढाच, आणि तोही चेष्टेत. क्रुसावर पिलाताने पाटी लावली : नासरेथकर येशू, यहूद्यांचा राजा. इब्री, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत, म्हणजे देवळात जाणारा, कचेरीत जाणारा आणि बाजारात जाणारा, सगळ्यांना वाचता यावी अशी. याजकांनी तक्रार केली, 'राजा' लिहू नका, 'मी राजा असं हा म्हणाला' एवढंच लिहा. पिलात म्हणाला, लिहिलं ते लिहिलं. गुन्ह्याची नोंद म्हणून लावलेली पाटी ख्रिस्ती माणूस आजही सत्य म्हणून वाचतो, कारण तिसऱ्या दिवशी देवाने त्याला उठवलं, ही त्याची श्रद्धा आहे. पुनरुत्थान वगळलं तर हे राजेपण उभं राहत नाही. ख्रिस्ती श्रद्धेचा सगळा भार त्या एका खांबावर आहे.

प्रश्न : माझा मित्र नेहमी 'विश्वासाचं जीवन' म्हणतो. देवाला मानलं, प्रार्थना केली, की झालं का? आपल्याकडे तर करणी तशी भरणी.

उत्तर : या प्रश्नावर बायबलमधल्या दोन पत्रांत वरवर भांडण दिसतं. प्रेषित पौल रोमकरांना लिहितो, की माणूस विश्वासाने नीतिमान ठरतो, नियमशास्त्रातल्या कर्मांनी नाही. याकोब (जब्दीचा मुलगा नव्हे, दुसरा) लिहितो, की कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. गंमत म्हणजे दोघेही दाखला देतात एकाच माणसाचा, ज्यूंचा मूळपुरुष अब्राहाम याचा. पौलाचं बोट अब्राहाम देवाच्या वचनावर विसंबला त्या क्षणावर आहे, याकोबाचं तो पुढे कसा वागला त्यावर. एक मुळाबद्दल बोलतो, दुसरा फळाबद्दल.

याला राजाशी जोडून पाहा, म्हणजे गाठ सुटते. विश्वास म्हणजे राजाच्या शब्दावर भरवसा आणि त्याच्याशी इमान. इमान नुसत्या तोंडाने दाखवता येत नाही, ते व्यवहारात दिसतं. म्हणून बायबल विश्वासाविषयी बोलता बोलता अचानक तराजूवर येतं. थैलीत दोन वजनं ठेवू नकोस, एक घ्यायचं आणि एक द्यायचं, असं बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आहे. मजुराची मजुरी त्याच दिवशी सूर्य मावळायच्या आत दे, हेही त्याच पुस्तकात. याकोब तर म्हणतो, कापणी करणाऱ्यांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे. तुमच्या भागात कापूस वेचणीची मजुरी किलोवर ठरते. संध्याकाळी बांधावर काटा लावतात, वेचणाऱ्या बाया आपापलं गाठोडं घेऊन रांगेत उभ्या राहतात, आणि काट्यावरचा आकडा धनी वाचतो. त्या वेळी किती किलो म्हणायचं, हा या ग्रंथाच्या हिशेबाने विश्वासाचाच प्रश्न आहे.

सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांनी हे तसंच घेतलं होतं, याची साक्ष परक्याने दिली आहे. इसवीसन 112च्या आसपास बिथुनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट त्राजानला पत्र लिहून कळवलं, की हे लोक ठरल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गातात आणि शपथ घेतात. शपथ कसली? चोरी करणार नाही, दरोडा घालणार नाही, व्यभिचार करणार नाही, शब्द मोडणार नाही, कोणी ठेव ठेवली तर परत मागितल्यावर नाकारणार नाही. सुभेदार कटाच्या शोधात होता. त्याच्या हाती लागलं ते हे.

तेव्हा करणी तशी भरणी हे तुमचं म्हणणं बायबलला परकं नाही. फरक क्रमाचा आहे. करणी चांगली म्हणून राजा जवळ करतो असं नाही. राजाने आधी जवळ केलं, म्हणून करणी सुधारायची.

प्रश्न : हा राजा तर परदेशी मिशनऱ्यांबरोबर आला. ख्रिस्ती माणूस देशाचा कायदा वरचा मानतो की या राजाची आज्ञा?

उत्तर : येशूलाही हा प्रश्न विचारला गेला, तोही पेचात पकडायला : कैसराला, म्हणजे रोमच्या सम्राटाला, कर द्यावा की नाही? त्याने नाणं मागवलं, त्यावरचा चेहरा कोणाचा ते विचारलं आणि सांगितलं, कैसराचं ते कैसराला द्या, देवाचं ते देवाला. पौलानेही कर भरा, अधिकाऱ्यांचा मान राखा, असं लिहिलं. तेव्हा कायदा पाळणं हा विश्वासाचाच भाग ठरतो. मर्यादा एकच : सत्ता जेव्हा स्वतःच देव होऊ पाहते. सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळायला ख्रिस्ती लोकांनी नकार दिला, हत्यार मात्र उचललं नाही, शिक्षा सोसली. आपल्या राज्यघटनेच्या 25व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचं स्वातंत्र्य दिलं आहे, त्यामुळे इथे असा झगडा उभा राहायचं कारण उरत नाही.

परदेशीपणाचा आक्षेप मराठी ख्रिस्ती माणसानेही मनावर घेतला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईत झाला. बावीस वर्षांनी, 1917 साली, त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती; अट एकच, येशूला गुरू मानायचं. संस्थेला नाव मिशनचं न देता दरबाराचं दिलं, यातच टिळकांचं उत्तर आहे. दोनच वर्षांत, 1919 साली ते वारले आणि दरबार फार वाढला नाही. त्यांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुढे लिहिलं. ओवी, अभंग, कीर्तन यांतून हा राजा मराठी झाला तो अशा माणसांमुळे.

प्रश्न : चिन्हातला चौथा भाग 'येणारा राजा'. तो येणार कधी? भेंडवळच्या घटमांडणीत राजा कायम की नाही, ते तरी दुसऱ्या दिवशी कळतं!

उत्तर : जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय तृतीयेला घट मांडतात आणि पहाटे पानविड्यावरून राजाचं भाकीत सांगतात. ख्रिस्ती ग्रंथात मात्र तारीख काढायची कुठलीच मांडणी नाही. उलट मनाईच आहे. तो दिवस आणि ती घटका कोणालाही ठाऊक नाही, पुत्रालाही नाही, असं मार्कच्या 13व्या अध्यायात येशूच सांगतो. तरी लोकांनी आकडेमोड केली. अमेरिकेत विल्यम मिलर यांच्या अनुयायांनी 22 ऑक्टोबर 1844 हा दिवस धरला. तो दिवस गेला, काही घडलं नाही, आणि हजारो माणसं खचली. म्हणून कोणी तारीख सांगितली, की ती ग्रंथाच्या विरुद्ध जाऊन सांगितली, एवढं खुशाल समजावं.

वाट पाहताना करायचं काय, हे मात्र मत्तयाच्या 25व्या अध्यायात स्पष्ट आहे. राजा सिंहासनावर बसून निवाडा करतो. प्रार्थना किती केल्या, हे तिथे विचारलं जात नाही. भुकेल्याला वाढलं का, तहानलेल्याला पाणी दिलं का, उपऱ्याला घरात घेतलं का, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची विचारपूस, तुरुंगातल्याची भेट? ज्यांनी हे केलं ते चकित होऊन विचारतात, महाराज, तुम्हाला आम्ही कधी वाढलं? तेव्हा कळतं, की तो राजा त्या लहानांतल्या लहानाच्या जागी उभा होता.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर इथे पुरं होतं. गादी, फौज, किल्ला ही शमुवेलाच्या यादीतल्या राजाची लक्षणं. येशू त्या यादीत बसत नाही, आणि ख्रिस्ती माणूस त्याला राजा म्हणतो ते नेमकं त्याच कारणाने. हे पटावं असा आग्रह नाही. पण तपासायचं असेल तर ऐकीव गोष्टींवर जाऊ नका. मित्राकडून पवित्र शास्त्र मागून घ्या. आधी रूथचे चार अध्याय वाचा, मग शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा आठवा, आणि शेवटी मार्कचे सोळा. सगळं मिळून दोन-तीन संध्याकाळचं काम आहे. वाचून शंका उरल्या तर जरूर कळवा. पण आधी त्या मित्रालाच विचारा. तो तुमच्या गावात आहे आणि त्याच राजाच्या शब्दावर जगायचं म्हणतो. या सदरापेक्षा त्याचं उत्तर जास्त मोलाचं.